पेटीवाल्याने पियानोवर बॅलड कसं वाजवावं

निपाणीहून एकांनी विचारलं आहे. वय ३४, लहानपणापासून पेटी, भजनी मंडळात नेहमीचे आणि अधूनमधून नाट्यसंगीताच्या साथीला. गेल्या वर्षी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतलाय. जॅझमधली संथ गाणी, म्हणजे बॅलड, एकट्याने वाजवायची आहेत. उजव्या हातावर चाल बसते, कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, नावं वाचता येतात, डाव्या हाताने कॉर्ड दाबल्या जातात. तरी "रिकामं रिकामं वाटतं, आणि भरायला गेलो की गर्दी होते." व्हिडिओ बघून रूटलेस व्हॉइसिंग (कॉर्ड ज्या सुरावर उभी असते तो पायाचा सूर सोडून बाकीचे धरणं) शिकतोय ते बरोबर आहे का? आणि डिसेंबरात बेळगावात चुलतभावाचं रिसेप्शन आहे, तिथे अर्धा तास वाजवता येईल का?

रिकामं आणि गर्दी हे दोन्ही शब्द तुम्ही एका दमात लिहिलेत, तिथेच दुखणं कळलं. पेटीवरून पियानोवर आलेल्या बहुतेकांना हे होतं. मलाही झालं होतं. माझे वडील बेळगावच्या शहापुरात पेटी शिकवायचे, आणि मी पियानो शिकले कॅम्पातल्या एका गोव्याच्या टीचरकडे. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तुझा डावा हात अजून जन्मलाच नाही." राग आला होता. पण खरं होतं ते. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारतो. त्याला लय कळते, दाब कळतो, सूर कुठे फुगवायचा आणि कुठे उतरवायचा ते कळतं. बोटांना मात्र काही येत नाही.

त्याहून मोठी अडचण सुराची आहे. पेटीवर भाता चालू आहे तोवर सूर जिवंत. पियानोवर हातोडी तारेला लागली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. मग पट्टी कितीही जोरात दाबून धरा, काही उपयोग नाही. बॅलडची गती साधारण मिनिटाला ६० मात्रांची धरली तर चार मात्रांचा एक लांब सूर म्हणजे चार सेकंद. पेटीवर ही चार सेकंदं तुम्ही नुसत्या भात्यावर रंगवाल. पियानोवर दुसऱ्या सेकंदालाच त्या सुराची सावली उरते. तुम्हाला 'रिकामं' वाटतं ते इथे. मग घाबरून त्या जागेत मुरक्या, आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक), जे सापडेल ते कोंबलं जातं, ती झाली गर्दी.

आता तुमची जमेची बाजू. तुम्ही साथीला बसता. गायक लांब सूर लावतो तेव्हा पेटीवाला काय करतो? मागे धरून ठेवतो, आवाज खाली घेतो, आणि गायकाने श्वास घेतला की तेवढ्याच फटीत चार सूर टाकून बाजूला होतो. आपल्या बेळगावच्या रामभाऊ बिजापुऱ्यांची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एकट्याने बॅलड वाजवणं म्हणजे स्वतःच स्वतःची साथ करणं. उजव्या हाताची करंगळी गायक, बाकीची नऊ बोटं साथीदार. हे एकदा डोक्यात बसलं की काय वाजवायचं यापेक्षा कधी गप्प बसायचं हे आधी कळतं. जॅझ पियानो थेट शिकलेल्या पोरांना हे शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात.

एक चाल घेऊनच बोलू. जॅझ पियानोवादक एरोल गार्नरची 'मिस्टी', १९५४ ची. मुद्दाम तीच घेते, कारण गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं, सगळं कानावर. चाल विमानात बसलेला असताना सुचली असं सांगतात. शब्द नंतर जॉनी बर्कने लिहिले आणि १९५९ मध्ये जॉनी मॅथिसने गायल्यावर ती घरोघरी गेली. ती ई फ्लॅटमध्ये वाजवतात, म्हणजे आपल्या पेटीची काळी दोन. तुम्हाला काळी दोनची भीती नसणार; पांढऱ्या पट्ट्यांवर वाढलेल्या माझ्या इतर विद्यार्थ्यांना असते.

काळी दोनला सा धरलात तर चाल प, ग अशी उतरते आणि खालच्या शुद्ध नीवर येऊन थांबते. खाली कॉर्ड ई फ्लॅट मेजर सेव्हन. आपला कान म्हणतो, नी लागला, आता सा येणार. तो येत नाही. नी तिथेच लोंबकळत राहतो, आणि या गाण्याची सगळी हुरहुर त्या एका न मिळालेल्या सामध्ये आहे. पेटीवाल्याचा हात इथे हमखास घसरतो. नीवरून साला जाणारी एक लहानशी मुरकी काढायचा मोह होतो. काढू नका.

मग त्या लांब नीच्या खाली काय करायचं? डाव्या हाताने खालचा सा, त्याच्या वरचा प, आणि त्याच्याही वरच्या सप्तकातला ग. सा ते ग हे अंतर सप्तकाच्या दहा सुरांचं, टेन्थ म्हणतात त्याला. हात मोठा असेल तर एकदम, नाहीतर पेडल दाबून खालून वर एकामागून एक सोडायचे. माझा हात पुरत नाही, कधी पुरला नाही, अडलं काही नाही. दोन मात्रा गेल्या की मधल्या आवाजात प, ध, प. एवढंच. अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणतंय असं. वर नी विझत असतो आणि खाली काहीतरी हलत असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला नी अजून चालू आहे असंच वाटतं. लांब सुराची फसवणूक अशी करायची. लांब सूर वर, हालचाल मध्ये. आणि चाल हलायला लागली की मधला आवाज थांबवायचा. दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही.

पुढचे तीन-चार बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) बघा, या चालीचं खरं सोनं तिथे आहे. बार दोन: बी फ्लॅट मायनर सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन. बार तीन: ए फ्लॅट मेजर सेव्हन. बार चार: ए फ्लॅट मायनर सेव्हन, डी फ्लॅट सेव्हन. मग पाचव्यात परत घरी. कॉर्डची नावं वाचून दाबायला गेलात तर डावा हात इकडून तिकडे उड्या मारेल. तसं करू नका. प्रत्येक कॉर्डचा, पायाच्या सुरापासून मोजून, तिसरा आणि सातवा सूर तेवढा ठेवा. कॉर्ड मेजर की मायनर, स्थिर की पुढे ढकलणारी, हे या दोन सुरांतच ठरतं. पाचवा सूर काढून टाकला तरी कुणाला कळत नाही. सा काळी दोनच ठेवून हे सूर लिहून काढलेत की दोन ओळी मिळतात. एक ओळ: कोमल नी, कोमल नी, ध, कोमल ध, कोमल ध आणि घरी आल्यावर प (इथे तेवढा सातव्याऐवजी पाचवा). दुसरी: म, ग, ग, कोमल ग, रे आणि परत ग.

या दोन ओळी आधी गाऊन बघा. चाल नको, कॉर्ड नको, नुसत्या ओळी. पहिली कशी पायरी पायरीने कोमल नीवरून पवर उतरते! कुणी सांगितलं नसतं तर हा एखाद्या ठुमरीतला उतार वाटला असता. पहिले पंधरा दिवस हेच करा: उजव्या करंगळीने चाल, डाव्या हाताने नुसता पायाचा सूर, आणि मधे या दोन ओळी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने, जिथे जमेल तिथे. पुरत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा मदतीला घ्या. दोन्ही अंगठे एकाच मधल्या ओळीवर काम करतात, ती कुणाच्या मालकीची नाही.

इथे दोन गोष्टी अडतील. पहिली म्हणजे एकाच हातातली करंगळी मोठी आणि अंगठा लहान वाजवायचा आहे, आणि निसर्गाने नेमकं उलट करून ठेवलंय. पेटीवर हा प्रश्नच येत नाही. तिथे भात्याचा दाब सगळ्या सुरांना सारखा. त्यासाठी एक जुना उपाय आहे. उजव्या हाताने दोन सूर एकत्र पकडा, करंगळीचा पूर्ण वाजवा, अंगठ्याचा पट्टीला नुसता स्पर्श करून दाबा, आवाज आला नाही तरी चालेल. मग हळूहळू अंगठ्याचा आवाज येऊ द्या. रोज पाच मिनिटं, महिनाभर. कंटाळवाणं आहे. दुसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

दुसरी अडचण म्हणजे चिखल. पियानोच्या मध्यावरच्या सी या सुराच्या खालच्या सप्तकाखाली, म्हणजे खर्जात, जवळजवळचे सूर एकत्र दाबू नका. तिथे पाया आणि पाचवा, पाया आणि सातवा, किंवा मघाची टेन्थ, एवढंच शोभतं. खर्जात तिसरा सूर पायाला चिकटून वाजवला की डबक्यात म्हैस बसल्यासारखा आवाज येतो. तुमच्या 'गर्दी'तली निम्मी तक्रार बहुधा इथली असेल.

आता रूटलेस व्हॉइसिंग. बरोबर आहे का म्हणाल तर चीज चांगली आहे, तुमच्या कामाची आज नाही. पायाचा सूर सोडून वरचे तिसरा, पाचवा, सातवा, नववा असे सूर डाव्या हातात धरायचे ही पद्धत जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या पिढीने रुळवली, पण ट्रिओत, म्हणजे तिघांच्या संचात. बाजूला बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, वाजवणारा होता, पाया तो सांभाळत होता. तुमच्या निपाणीच्या खोलीत बास कोण वाजवणार? पाया काढला की एकट्या पियानोखालची जमीनच जाते आणि ऐकणाऱ्याला आपण कुठल्या कॉर्डवर आहोत ते कळत नाही. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या मागे बॅकिंग ट्रॅक वाजत असतो. एकदा पाया ठणठणीत बसला, ऐकणाऱ्याच्या कानात तो राहतोय अशी खात्री झाली की एखाद्या बारात तो मुद्दाम काढून बघा. तेव्हा त्या काढण्याला अर्थ येतो.

एव्हान्सचंच ऐकायचं तर १९५८ चं 'पीस पीस' ऐका. डावा हात जवळजवळ शेवटपर्यंत दोनच कॉर्डवर फिरत राहतो, तंबोऱ्यासारखा, आणि उजवा त्यावर हवं तसं बोलतो. हे सगळं बॅलडच्या नेहमीच्या घाटात बसत नाही, पण तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला पियानोच्या दारातून आत यायला याच्याइतका सोपा उंबरठा नाही. मी स्वतः तिथूनच आत आले. त्याच्या जोडीला पियानोवादक कीथ जॅरेटची १९९९ ची 'द मेलडी अ‍ॅट नाइट, विथ यू' ही ध्वनिमुद्रिका. दीर्घ आजारातून उठताना घरीच वाजवलेलं आहे, हातात ताकद नव्हती म्हणून की काय, एकही सूर जास्तीचा नाही. विजेच्या वेगाने पियानो वाजवणारा आर्ट टेटम मात्र सहा महिने ऐकू नका. तो ऐकून माझ्या एका विद्यार्थ्याने पियानो विकायला काढला होता.

लयीबद्दल. बॅलड म्हणजे लय नसलेलं संगीत असा समज करून लोक वाटेल तिथे थांबतात, वाटेल तिथे पळतात. तुम्ही विलंबित ऐकलेलं आहे, तुम्हाला हे चालणार नाही. सुरुवातीचा एक फेरा आलापासारखा मोकळा घ्या, हरकत नाही, पण आत ठेका चालू हवा. आधी महिनाभर मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, वाजवा. त्याचा ठोका पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर न ठेवता दुसऱ्या आणि चौथ्यावर ठेवा. पहिले दोन दिवस डोकं फिरेल. आणि प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन लहान मात्रा असतात हे लक्षात ठेवा, जणू प्रत्येक मात्रेत अर्धा दादरा. चालीचे छोटे सूर या तिनांवर बसले की गाणं झुलतं, दोनांवर बसले की शाळेच्या प्रार्थनेसारखं होतं.

मोकळं कुठे सोडायचं ते शब्द सांगतात. सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन बॅलड सुरू करण्याआधी त्याच्या ओळी माइकवर म्हणून दाखवायचा. आपल्याकडे नाट्यगीताच्या साथीला बसताना पद पाठ असतंच ना? तसंच. इंग्रजी शब्द पाठ करा, अर्थ समजून घ्या, आणि वाजवताना मनात गा. जिथे गाणारा श्वास घेईल तिथे करंगळी उचला. हे न करता वाजवलेलं बॅलड पहिल्या दोन बारांत ओळखू येतं.

पेडलचं थोडक्यात. कॉर्ड वाजवल्यानंतर पाय खाली, पुढची कॉर्ड वाजताक्षणी पाय वर आणि लगेच परत खाली. सुराबरोबर दाबायचा नाही, सुराच्या मागून दाबायचा. डिजिटलबरोबर येणारी चपटी पायपट्टी बहुतेक वेळा नुसतं बटण असते, चालू किंवा बंद. अर्धा पेडल घेणारं, म्हणजे अर्धवट दाबही ओळखणारं, खऱ्या आकाराचं पेडल तुमच्या मॉडेलला चालतं का ते बघून घ्या. पहिला खर्च तोच करा, स्पीकर नंतर.

जुना अकूस्टिक पियानो घ्यावा का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या वर्षी विचाराल. कॅम्पातल्या बंगल्यांतून कधीमधी एखादा निघतो. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, फेल्टला कसर लागते. माझ्याकडच्या जुन्या पियानोला पावसाळ्यात सूर लावायचा मी नादच सोडलाय. गोव्याहून ट्यूनरला ऑक्टोबरात बोलावते, हवा कोरडी झाल्यावर. घेण्याआधी मागची फळी उघडून वाळवी बघा आणि तारांचे खुंटे ढिले आहेत का ते जाणकाराकडून तपासून घ्या. खुंटे ढिले असतील तर फुकट मिळाला तरी आणू नका.

आणि एक. हे संगीत परक्याचं आहे, आपल्याला जमेल का, असं तुमच्या पत्रात मधे कुठेतरी डोकावतंय. टेडी वेदरफोर्ड नावाचा अमेरिकन पियानोवाला १९३० च्या दशकात मुंबईत ताजमध्ये वाजवत होता, आणि ते जॅझ आपलंसं केलेले गोव्याचे वादक पुढे सिनेमात आले. सी. रामचंद्रांकडचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट काय, शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहिणारे सॅबेस्टियन डिसूझा काय. तुमच्या आईने रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांच्या मागे या कॉर्ड होत्याच. कानाला त्या ओळखीच्या आहेत, बोटांना नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

रिसेप्शनचं. आज जून आहे. डिसेंबरपर्यंत तीन बॅलड नीट होतील. अर्ध्या तासाला तीन पुरत नाहीत असं वाटेल, पण हिशोब करा. बत्तीस बारांचा एक फेरा ६० च्या गतीला दोन मिनिटांच्या थोडा वर जातो. पहिला फेरा चाल, दुसऱ्या फेऱ्याचा पहिला अर्धा भाग थोडं स्वतःचं, आणि मधल्या कडव्यापासून परत चाल, असं साडेचार मिनिटांत एक गाणं होतं. तिन्ही मिळून चौदा मिनिटं. उरलेल्या वेळात जुनी हिंदी आणि एखादं भावगीत याच पद्धतीने, लांब सूर वर आणि हालचाल मध्ये. मंडळींना तेच जास्त आवडेल, वाईट वाटून घेऊ नका. हॉटेलच्या लॉबीत ११ वर्षं पियानो वाजवला मी. सगळ्यात मन लावून ऐकणारे वेटर असायचे.

तिथे गेल्यावर पहिलं काम साऊंडवाल्याला गाठायचं. आमच्याकडच्या मंगल कार्यालयांत निवेदकाच्या माइकला इको लावलेला असतो आणि तो सगळ्याच चॅनेलना लागून राहतो. त्यात पेडल दाबलंत की सहा महिन्यांची मेहनत विहिरीत. त्याला गोड बोलून पियानोच्या चॅनेलचा इको शून्यावर आणायला लावा, खर्जही थोडा उतरवायला सांगा, आणि एक गाणं वाजवून हॉलच्या मागच्या खुर्चीवरून भावाला ऐकायला लावा. हे सगळं जेवणाच्या पंगती सुरू व्हायच्या आधी. नंतर तो तुम्हाला सापडणार नाही.